चमचाभर कच्ची बिअर

माझ्या मुलीच्या उजव्या हाताची करंगळी आता पूर्ण मिटत नाही. कोणी विचारलं तर ती "घरी एक ॲक्सिडेंट झाला" एवढंच सांगते आणि विषय बदलते. तो अपघात मी टाळू शकले असते. हे तिला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला माहीत आहे. बाहेर कोणाला माहीत नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. नवरा इंजिनिअर होता, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. महिन्यातले दोन रविवार एक कम्युनिटी हॉल घेऊन आमचं विहार भरतं. बुद्धमूर्ती आमच्याच गाडीच्या मागच्या सीटवर, बेल्ट लावून, तिथे जाते. माझा आवाज खडा असल्यामुळे त्रिशरण-पंचशील मी सांगायचे आणि बाकीचे माझ्यामागून म्हणायचे. पाचवं शील नशापाण्यापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना आजवर माझा आवाज कधी हलला नव्हता, कारण नवऱ्याने किंवा मी दारूला कधी हात लावला नाही. ख्रिसमसला शेजारी वाइनची बाटली देतात, ती मी लॅबच्या रॅफलला, म्हणजे सोडतीतलं बक्षीस म्हणून, देऊन टाकते.

मुलगी इथेच जन्मली. सत्तावीस वर्षांची आहे. तेव्हा ती कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसात काम करत होती आणि स्वतःचं घर घेता यावं म्हणून आमच्याकडेच राहत होती. शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर ती पबमध्ये जाते हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. त्यावर घरात कोणी बोलत नसे.

गेल्या जानेवारीत ती एक मोठा खोका घेऊन घरी आली. आत झाकणाची प्लास्टिकची बादली, माल्टच्या काकवीसारख्या दाट अर्काचा डबा, यीस्टची पुडी.

"हे काय?" नवऱ्याने चष्मा वर करून विचारलं.

"होमब्रू किट. घरी बिअर बनवायचा. मार्चमध्ये माझ्या फ्रेंडचा हाउसवॉर्मिंग आहे, मी प्रॉमिस केलंय की माझ्या हाताचा बिअर आणणार."

"घरात?"

"बाबा, इट्स जस्ट केमिस्ट्री. मी तुम्हाला प्यायला थोडी सांगते?"

त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाला, "गॅरेजमध्ये ठेव. घरात नको."

तशी बादली गॅरेजमध्ये गेली. जानेवारीतलं आमचं गॅरेज म्हणजे फ्रिजच. किटमधल्या कागदावर ऊब हवी असं स्पष्ट लिहिलं होतं, पण बापाने निदान हो तरी म्हटलं, याच आनंदात तिने ते सोडून दिलं. बादलीभोवती एक जुनी शाल तेवढी गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी मी तांदळाची पिशवी आणायला गॅरेजचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिले. तो वास. आंबूस, गोडसर, पावाच्या ओल्या पिठासारखा, आणि त्याच्या खाली नाकात टोचणारं काहीतरी. सत्तेचाळीस वर्षांत तो वास मी एकदाही घेतला नव्हता, तरी ओळखायला मला क्षणही लागला नाही.

माझे वडील मी सहा वर्षांची असताना कामासाठी म्हणून परगावी गेले आणि परत आले नाहीत. विदर्भातल्या आमच्या वस्तीत आईने तीन पोरी कशा वाढवल्या, हे मी इंग्लंडमध्ये सगळ्यांना एकाच वाक्यात सांगत आले: आई शाळेत शिपाई होती. ते खरंच होतं, पण शाळेची नोकरी मी अकरा वर्षांची असताना लागली. त्याआधीची पाच वर्षं आई हातभट्टीची दारू गाळायची. मोहाची फुलं आणि काळा गूळ पाण्यात घालून पिंपात सडवायचे. तो सडवा तयार झाला की तो भट्टीवर चढायचा. लवकर चढवला तर माल पडत नाही आणि उशीर झाला तर आंबून जातो. तयार झाला की नाही, हे चाखूनच कळतं.

आईने धम्म घेतलेला होता. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती विहारात बसायची. दारूचा थेंब ती जिभेला लावत नसे. म्हणून चाखायचे मी. पिंपात पळी बुडवून ती माझ्यापुढे धरायची. "घे, थुंकून टाक," म्हणायची. "लहान लेकरांना शील लागत नाही." मी जिभेवर घोळवून थुंकायचे आणि सांगायचे. जिभेच्या मागे गोड राहिलं तर अजून दोन दिवस. गोडी सरून कोरडं, किंचित कडू लागलं की तयार. माझं कधी चुकलं नाही. आई म्हणायची, हिच्या जिभेवर आपलं घर चालतं. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही इथे लिहायला हवं.

मग एके दिवशी विहारातल्याच बायका जमून आल्या. त्यांनी आमची पिंपं आडवी केली, मडकी फोडली. मला अभ्यासवर्गात शिकवणाऱ्या ताई त्यांच्यात पुढे होत्या. त्या चुकल्या असं मी म्हणत नाही. त्या वस्तीतल्या किती घरांत आमच्या पिंपातली दारू पोचत होती, हे मला पुढे समजलं. आई भिंतीला टेकून उभी होती. नंतर त्याच ताईंनी खटपट करून तिला शाळेत लावून दिलं आणि त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना शाळेची नोकरी सांगितली गेली. मीही तेच सांगत राहिले, आधी नवऱ्याला, मग मुलीला. आई गेली तेव्हाही.

गॅरेजचं दार लावून मी आत आले आणि त्या दिवशी वरणभातच केला. तांदूळ शेजारच्या दुकानातून आणला.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, नवरा हॉलच्या चाव्या परत द्यायला गेला होता. मुलगी गॅरेजमधून ओरडली, "आई, एक मिनिट ये ना!"

तिने बादलीचं झाकण काढलं होतं. बाजूला धुतलेल्या बाटल्यांची रांग होती, मित्रमैत्रिणींकडून गोळा केलेल्या, कुठल्याकुठल्या आकारांच्या. झाकणाला एक छोटी नळी असते, त्यातून बुडबुडे येतात. ते येणं बंद झालं की आंबणं संपलं असं समजतात.

"चार दिवस एक पण बुडबुडा नाही," ती म्हणाली. "म्हणजे झालं असणार. हायड्रोमीटरने चेक करायचं असतं, साखर किती उरली ते कळतं, पण माझ्या हातून ते फुटलं. ऑनलाइन लिहिलंय की टेस्ट करून पण कळतं. मला काही समजत नाही. तू चाखून बघ ना."

"मी?"

"तुझं नाक बेस्ट आहे. दूध नासलंय ते तुला फ्रिज उघडायच्या आधी कळतं."

"मी घेत नाही, तुला माहीत आहे."

"आई, स्पूनभर. कफ सिरपमध्ये पण अल्कोहोल असतो. थुंकून टाक."

थुंकून टाक. तिला काय माहीत ती काय बोलते आहे. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. चमचा तिने पुढे धरला आणि मी तोंड उघडलं.

घोट थंड आणि बिनफेसाचा होता, चव मिळमिळीत. आधी ब्रेडच्या जळक्या कडेसारखी, मग कच्च्या सफरचंदासारखी. आणि मग जिभेच्या मागे गोड. नुसता गोडसरपणा नव्हे, जड, चिकट गोडी होती ती. ही साखर यीस्टने खाल्लेलीच नव्हती. आंबणं संपलं नव्हतं. थंडीने ते मध्येच गारठून थांबलं होतं, एवढंच. मी आत जाऊन वॉशिंग मशीनजवळच्या सिंकमध्ये थुंकले, पाणी पिऊन आले, तरी गोडी जाईना.

"कसं आहे?" तिने विचारलं.

मी काय सांगायला हवं होतं? की हे अर्धं झालंय. बाटलीत बंद करून उबेला ठेवलंस तर ते पुन्हा जागं होईल. वायूला बाहेर पडायला जागा मिळणार नाही. बादली घरात आणून आठवडाभर तशीच राहू दे. चार वाक्यं. पण चार वाक्यांनंतर तिने विचारलं असतं, आई, तुला कसं माहीत?

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. "मी कधी बिअर चाखलीय का?"

"गोड वाटतंय ना थोडं?"

"असेल."

"इट सेज की आत्ता चव बघून जज करायचं नाही. बाटलीत दोन आठवडे मुरलं की बदलतं. कंडिशनिंग."

"मग तसंच असेल," मी म्हणाले.

हे वाक्य मी पुढे किती वेळा मनात म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

तिने प्रत्येक बाटलीत फेसासाठी थोडी साखर घातली, बिअर भरली, यंत्राने टोपण दाबलं. सगळ्यांत शेवटी कोकची एक प्लास्टिकची बाटली भरली. आत वायू किती झाला ते ती दाबून कळतं, असं तिने वाचलं होतं. मग क्रेट उचलून ती युटिलिटी रूममध्ये, म्हणजे वॉशिंग मशीनच्या खोलीत, बॉयलरच्या खाली ठेवू लागली.

तेवढ्यात नवरा आला. "गॅरेजमध्ये ठरलं होतं ना?"

"बाबा, दोन आठवडे गरम जागा लागते. प्लीज."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकले असते की गॅरेजमध्येच ठेव. तेवढ्याने वेळ तरी मिळाला असता. मी भांडी पुसत राहिले.

चौथ्या दिवशी ती प्लास्टिकची बाटली घेऊन किचनमध्ये आली. "बघ, कसली कडक झालीय! वर्क होतंय!" तिचा चेहरा फुलला होता. मी बाटली हातात घेतली. दगडासारखी होती. चार दिवसांत इतकी व्हायला नको हे मला स्पष्ट कळलं.  मी ठरवलं, आज संध्याकाळी तिला बाजूला घेऊन सांगायचं. पण त्या संध्याकाळी जयंतीच्या कार्यक्रमाची आखणी करायला विहारातली मंडळी घरी आली. त्यांना चहा द्यायचा, पोहे करायचे. युटिलिटी रूमचं दार मी आधी लावून घेतलं, म्हणजे कोणाला क्रेट दिसू नये. मंडळी जाईपर्यंत मुलगी तिच्या खोलीत गेली होती. म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, ती घरून काम करत होती. अकराच्या सुमारास ती मशीनमधले कपडे काढायला गेली. एक मोठा आवाज झाला, लगेच दुसरा, आणि काच फरशीवर पसरल्याचा आवाज. मी धावले. ती दारात बसली होती, अंगभर फेस. उजव्या हाताच्या तळव्यातून रक्त मनगटाकडे ओघळत होतं. कपाळावर एक छोटी चीर होती, डोळ्याच्या वर, बोटभर अंतरावर. मी तिला ओढून बाहेर काढलं आणि दार बंद केलं. आत अजून एक फुटली.

लॅबमध्ये मी रोज रक्त हाताळते. त्या दिवशी माझ्याच्याने टॉवेलची गाठ बांधवेना.

ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, आम्ही अडीच तास बसलो होतो. ती पांढरीफटक झाली होती, पण शांत होती. मलाच समजावत होती. "माझीच चूक आहे, आई. हायड्रोमीटर दुसरा घ्यायला पाहिजे होता."

ती स्वतःला दोष देते आहे, हे मला ऐकवेना.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"ती झाली नव्हती. तू चमचा दिलास तेव्हाच कळलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हाउ?"

मी सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मोहाची फुलं, पिंप, पळी, तुझी आजी, सगळं. हळू आवाजात सांगितलं, समोर एक म्हातारे गृहस्थ पाय वर करून बसले होते. किती सुसंगत सांगितलं, माहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाली, "तू लॅबमध्ये काम करतेस, आई. थंडीत यीस्ट थांबतं, एवढं म्हणायचं. तुला आजीचं नाव पण घ्यायला नको होतं."

हे मला सुचलंच नव्हतं. खरोखर सुचलं नव्हतं. इतक्या सरळ वाटेने ते सांगता आलं असतं, आणि मी इतकी वर्षं ज्या दाराला पाठ लावून उभी होते, त्या दारापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

नर्सने तिचं नाव पुकारलं. मी उठले.

"मी एकटी जाते," ती म्हणाली.

करंगळी वाकवणारा टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, तुटला होता. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

उरलेल्या बाटल्यांचं नवऱ्याने पाहिलं. क्रेटवर जुनी रजाई टाकून त्याने ते मागच्या बागेत नेलं आणि रात्रभर गारठ्यात राहू दिलं. सकाळी कंपनीतला जुना सेफ्टी गॉगल आणि बागेचे जाड हातमोजे घालून तो एकेक टोपण काढू लागला. आयुष्यात दारूच्या बाटलीला हात न लावलेला माणूस. प्रत्येक बाटलीतून फेस उसळून त्याच्या बाह्या भिजत होत्या. मी काही अंतरावर उभी राहिले आणि त्यालाही सांगितलं.

त्याचा हात थांबला नाही. चार-पाच बाटल्या झाल्यावर तो म्हणाला, "मी तुझ्या आईच्या पाया पडायचो."

"हो."

"आताही पडलो असतो." आणखी एक बाटली त्याने गटारात ओतली. "पण तेव्हा, लग्नाच्या वेळी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. माझी आई तर..." त्याने पुढची बाटली उचलली.  तीस वर्षं जे घडेल म्हणून मी घाबरले होते ते कदाचित घडलंही असतं, हे त्याच्या तोंडून ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गॉगल काढून तो म्हणाला, "पण पोरीला सांगायला काय झालं होतं?"

मी रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरू लागले.

जयंतीच्या कार्यक्रमात घसा बसलाय म्हणून मी मागे बसले. पंचशील दुसऱ्या बाईंनी सांगितलं. नंतरही मी पुढे गेले नाही. एकदोघींनी विचारलं, नवऱ्याने माझ्या वतीने घशाचंच कारण सांगितलं. म्हणजे आता तोही लपवतो.

मुलीने बारा दिवस माझ्याशी गरजेपुरतंच बोलणं ठेवलं. पण तिला गाडी चालवता येत नव्हती आणि दर मंगळवारी फिजिओथेरपीला जायचं होतं. मी शिफ्ट बदलून घेतली. गाडीत दोघी समोर रस्त्याकडे बघत असतो, एकमेकींची तोंडं दिसत नाहीत. तिसऱ्या की चौथ्या फेरीत तिने अचानक विचारलं, "मोहाचं फूल कसं दिसतं?" मी सांगितलं. पुढच्या मंगळवारी, "पोलीस यायचे का?" मग, "तुला चढायची का?" एका फेरीला एकच प्रश्न. ती जेवढं विचारेल तेवढंच मी सांगायचे. कधीकधी माझं उत्तर चुकीचं असायचं, तर पुढच्या मंगळवारी मी ते दुरुस्त करायचे. पोलीस यायचे नाहीत, असं मी आधी सांगितलं होतं; खरं तर यायचे.

सप्टेंबरमध्ये तिला लंडनजवळ ब्रॅकनेलला नोकरी मिळाली आणि ती तिकडे राहायला गेली. नोकरी चांगली आहे. माझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही, नाही असंही म्हणणार नाही. रविवारी फोन करते, आधी बाबांशी बोलते.

जाण्याआधीच्या शेवटच्या फेरीचं सांगायचं राहिलं. रिंग रोडवर गर्दी होती. ती म्हणाली, "आजीने कधी तुला सॉरी म्हटला?"

"कशाबद्दल? तिने आम्हाला जगवलं."

"मी ते नाही विचारलं."

मी गिअर बदलला. मग म्हणाले, "नाही. कधीच नाही."

"तुला पाहिजे होता?"

मला वळायचं होतं ती एक्झिट मागे गेली. डोळ्यांपुढे रस्ता नीट दिसत नव्हता. "हो," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले आणि ते खरं आहे हे म्हणतानाच कळलं. मग घाईघाईने म्हणाले, "मी तुला म्हणते. मी तुला सॉरी म्हणते."

"तू म्हटलंयस, आई. खूप वेळा."

"मग? झालं का आता?"

तिने खिडकीची काच थोडी खाली केली. "नाही," ती म्हणाली. रागाने नाही, जसं आहे तसं. "अजून नाही झालं. डावीकडच्या लेनमध्ये घे, पुढच्या एक्झिटने परत येता येईल."

मी लेन बदलली. आम्हाला पोचायला दहा मिनिटं उशीर झाला.